खानदेशातील हिवाळ्यासाठी लोखंडी कंटेनरची तयारी

चोपडा तालुक्यात, तापीच्या काठापासून फार दूर नसलेल्या आमच्या गावातील शेतकरी गटाने बियाणे, धान्य, बारदान आणि ठिबकचे साहित्य ठेवण्यासाठी जहाजावरून मालवाहतूक करणारे दोन जुने कंटेनर घेतले आहेत. प्रत्येक कंटेनर २० फूट लांब, ८ फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच आहे. पक्के गोदाम बांधण्याइतके भांडवल गटाकडे नव्हते, आणि उंदीर-घुशींपासून व चोरीपासून माल सुरक्षित राहील अशी जागा तर तातडीने हवी होती. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की कंटेनर किती तापतो, हे इकडे कोणालाही सांगावे लागत नाही. हिवाळ्याचा विचार मात्र सहसा कोणी करत नाही, कारण आपल्याकडे बर्फ पडत नाही आणि सातपुड्यातील तोरणमाळसारख्या उंच भागांचा अपवाद सोडला तर पाणी गोठण्याचीही भीती नसते. तरीही आधीच्या हिवाळ्यात थप्पीच्या वरच्या थरातील पोती ओलसर निघाली आणि काही पोत्यांच्या शिवणीवर बुरशीची काळी रेघ दिसली. पावसाळ्यात ती पोती कोरडी ठणठणीत होती. माल उतरवताना आमच्या एका हमालाने वर पाहून म्हटले, “आप्पा, छत रडी राह्यनं,” आणि खरोखरच छताच्या प्रत्येक पन्हळीला थेंब लोंबत होते.

ते पाणी बाहेरून आलेले नव्हते. खानदेशात डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा २८-३० अंशांपर्यंत चढतो आणि पहाटे ९-१० अंशांवर, कधी त्याच्याही खाली उतरतो. दिवसा कंटेनरमधील हवा २६ अंश असेल आणि तिची सापेक्ष आर्द्रता ५५ टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू साधारण १६ अंश येतो. याचा अर्थ असा की १६ अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागाला ती हवा लागली की तेथे पाणी धरते. छताचा पत्रा अवघा २ मिलिमीटर जाडीचा असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री तो आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होतो. जुन्या धाब्याच्या घराच्या छतावर मातीचा जाड थर असे, तो दिवसाची ऊब रात्रभर धरून ठेवी आणि थोडा ओलावा स्वतःत जिरवूनही घेई. या दोन्ही गोष्टी पत्र्याला जमत नाहीत. म्हणून खानदेशात कंटेनर हिवाळ्यासाठी तयार करायचा म्हणजे त्याला थंडीपासून वाचवायचे नसून दिवस आणि रात्र यांच्या तापमानातील तफावतीपासून वाचवायचे असते, हे मी गटाच्या बैठकीत आग्रहाने मांडले आणि पुढची सर्व कामे त्याच विचाराने ठरली.

हे पाणी नेमके कोठून येते याचा हिशेब आम्ही मांडून पाहिला, कारण त्यावाचून कोणत्या कामावर पैसा घालावा हे कळत नव्हते. २० फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर हवा मावते. वर सांगितलेली हवा १० अंशांपर्यंत थंड झाली तर त्यातून सुटणारे पाणी सव्वाशे ते दीडशे ग्रॅमच भरते, म्हणजे एक पेलाही नाही. एवढ्याने पोती भिजणार नाहीत. मात्र १२ टक्के ओलावा असलेल्या ५० क्विंटल धान्यात तब्बल ६०० किलो पाणी दडलेले असते, आणि बारदान, लाकडी फळ्या, पुठ्ठ्याची खोकी व खालची प्लायवुडची जमीन यांच्यात असते ते वेगळेच. दिवसा कंटेनर तापला की या मालातून थोडी वाफ हवेत येते, रात्री ती छताला धरते, पहाटे ठिबकून वरच्या पोत्यांवर पडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हाच फेरा चालू होतो. छताखाली जमणारे पाणी अशा रीतीने मालातूनच वर चढलेले असते. त्यामुळे माल वाळवून भरणे, हवा खेळती ठेवणे आणि छताचा पत्रा रात्री फार थंड होऊ न देणे ही तीन कामे मुख्य ठरली. गंज काढणे, रंग देणे, रबर बदलणे ही कामे आवश्यक असली तरी दुसऱ्या क्रमांकाची आहेत.

कामाला योग्य काळ म्हणजे परतीचा पाऊस थांबल्यापासून कडाक्याची थंडी सुरू होईपर्यंतचा. ऑक्टोबरच्या उन्हात कंटेनर रिकामा करून दोन्ही दारे सताड उघडी ठेवली की पावसाळाभर जमिनीच्या प्लायवुडमध्ये मुरलेला ओलावा निघून जातो, आणि हे काम पुढे कोणत्याही यंत्राने इतके स्वस्तात होत नाही. अडचण एवढीच की याच दिवसांत कापूस वेचणी जोरात असते, मजूर मिळत नाहीत, आणि वेल्डिंगचे काम शेतीची थ्री-फेज वीज दिवसा असेल त्या आठवड्यातच उरकावे लागते. आम्ही दोन्ही कंटेनर एकदम रिकामे न करता एकाचा माल दुसऱ्यात आणि उरलेला एका सभासदाच्या पडवीत हलवून एकामागून एक काम केले.

रिकाम्या कंटेनरची पहिली तपासणी उजेडाची. भर दुपारी एकाने आत उभे राहायचे, दारे बाहेरून लोटून घ्यायची आणि डोळे अंधाराला सरावले की छत, कोपरे व जमिनीच्या कडा पाहायच्या. जेथे सुईएवढेही भोक असेल तेथे उजेडाचा ठिपका दिसतो. या कंटेनरची दारे आतून उघडता येत नाहीत. म्हणून एक माणूस सतत बाहेर उभा असला पाहिजे आणि दाराचे दांडे अडकवता कामा नयेत, हा नियम आम्ही पाळला आणि इतरांनीही तो हलक्यात घेऊ नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. उजेडाच्या ठिपक्यांभोवती खडूने खुणा केल्या आणि नंतर पाइपने छतावर भरपूर पाणी सोडून तीच पाहणी पुन्हा केली, कारण वाकडी गेलेली बारीक चीर उजेड अडवते, पाणी मात्र आत येऊ देते. एका कंटेनरच्या छताला पन्हळीच्या खोलगट भागात दोन ठिकाणी भोके सापडली. कधीतरी वरून जड वस्तू ठेवल्याने तेथे पत्रा दबला होता, पावसाचे पाणी साचून राहत होते आणि गंज आरपार गेला होता.

या पत्र्याविषयी एक समजूत दूर करणे गरजेचे आहे. कंटेनर कॉर्टेन जातीच्या पोलादाचे असतात. त्यात तांबे, क्रोमियम यांचे अल्प प्रमाण असते आणि त्यावर येणारा गंजाचा पातळ थर आतल्या धातूचे काहीसे रक्षण करतो, म्हणून त्याला गंजाची काळजी करू नये असे विकणारे सांगतात. हे रक्षण पत्रा ओला होऊन पुन्हा पूर्ण वाळत असेल तरच मिळते. जेथे पाणी साचते, माती चिकटून राहते किंवा दाराच्या रबराखाली ओल टिकते, तेथे हे पोलादही साध्या लोखंडासारखेच सडते. आमच्याकडे गंज नेमका अशाच जागी होता: दाराच्या उंबऱ्यात, खालच्या कडेच्या पट्टीत आणि छताच्या त्या दबलेल्या भागात.

तपासणीनंतर रंगाकडे न वळता आम्ही कंटेनरची पातळी हाती घेतली, आणि आमच्या भागात हेच काम आधी करावे असे माझे ठाम मत झाले आहे. तापीच्या खोऱ्यातील खोल काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि पाऊस सरल्यावर आकसून तिला भेगा पडतात. रिकाम्या २० फुटी कंटेनरचेच वजन सव्वादोन टनांच्या आसपास असते; त्यात माल भरला की सगळा भार चार कोपऱ्यांवर येतो आणि जमीन जेथे अधिक आकसते तो कोपरा खाली बसतो. कंटेनर किंचित तिरका झाला की दाराची चौकट पिळवटते, दाराचे एक पाखे, म्हणजे एक फळी, दुसऱ्यापेक्षा खाली येते आणि रबराची पकड एका बाजूने सुटते. मग त्या फटीतून पहाटेची दमट हवा, धूळ आणि उंदीर तिन्हींना वाट मिळते. दारे नीट लागत नाहीत म्हणून लोक बिजागऱ्या ठोकतात, कडा घासतात. मूळ दोष मात्र खालच्या जमिनीत असतो.

आम्ही पाण्याच्या पारदर्शक नळीने चारही कोपऱ्यांची पातळी मोजली. दाराकडील उजवा कोपरा बसला होता, तेथील पाखे खाली लटकले होते. कोपऱ्याखाली जाड लोखंडी पाटी ठेवून हायड्रॉलिक जॅकने तो हळूहळू उचलला आणि जॅक सुटला तरी कंटेनर हातावर येऊ नये म्हणून प्रत्येक टप्प्याला लाकडी ठोकळे सरकवत गेलो. नंतर चारही कोपऱ्यांखालची काळी माती खोलवर काढून तेथे मुरूम भरला, पाणी मारून धुमसाने ठोकला आणि वर काँक्रीटचे ठोकळे बसवले. जमीन आणि कंटेनरचा तळ यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा राहिली, त्यामुळे खालून वारा वाहतो आणि जमिनीची ओल प्लायवुडला लागत नाही. या पोकळीत गवत वाढू देऊ नये आणि शेजारच्या हरभऱ्याला किंवा गव्हाला दिलेले पाणी तिकडे झिरपू नये, म्हणून कंटेनरभोवती उथळ चारी काढून तिचे तोंड उताराकडे केले. पातळी साधल्यावर दोन्ही पाखी एका हाताने लागू लागली.

छताच्या भोकांवर पत्र्याची ठिगळे वेल्डिंग करून बसवली. वेल्डिंगपूर्वी आतील प्लायवुड ओल्या गोणपाटांनी झाकले आणि वाळूच्या बादल्या जवळ ठेवल्या. काम संपल्यावरही एक जण तेथे थांबला, कारण ठिणगी प्लायवुडच्या फटीत धुमसत राहू शकते. गंज तारेच्या ब्रशने आणि ग्राइंडरने काढून, रेड ऑक्साइड प्रायमर व त्यावर रंगाचे दोन हात दिले. रंगकामात वेळेला फार महत्त्व आहे. रंग देताना पत्र्याचे तापमान हवेच्या दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त असावे, असा रंगकामाचा सर्वमान्य नियम आहे. सकाळी पत्रा डोळ्यांना कोरडा दिसला तरी त्यावर दहिवराचा अदृश्य थर असतो आणि त्यावर दिलेला प्रायमर काही महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून रंगाऱ्याला सकाळी लवकर न बोलावता ऊन चांगले चढल्यावर बोलावले आणि दुपार कलण्यापूर्वी हात थांबवला.

दाराच्या रबराला उन्हाळ्याचे तडाखे बसलेले होते. साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, सिलिकॉन ग्रीस चोळल्यावर बरेचसे रबर पुन्हा मऊ झाले. जेथे ते तडकले होते तेवढा तुकडा बदलला. पकड तपासण्यासाठी दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचे आणि पट्टी ओढून पाहायची. सहज निघाली तर तेथे फट आहे असे समजावे. बिजागऱ्यांना तेल आणि दांड्यांच्या आकड्यांना ग्रीस दिले.

छताच्या थंड होण्यावर काय करावे याची चर्चा सर्वात लांबली. काहींनी पांढरा रंग सुचवला. पांढऱ्या रंगाने दिवसाचे तापणे कमी होते आणि त्यामुळे मालातून वाफ कमी निघते, हा लाभ खरा आहे. परंतु रात्री आकाशाकडे उष्णता टाकण्याच्या बाबतीत साधा पांढरा रंग आणि इतर रंग यांत फारसा फरक नसतो, त्यामुळे केवळ त्यावर भिस्त ठेवता येत नव्हती. दुसरी सूचना आतून थर्माकोलच्या पाट्या चिकटवण्याची होती. मला ती पटली नाही. पाट्यांच्या सांध्यांतून दमट हवा मागे शिरली की पत्र्याला पाणी धरतेच, फक्त ते दिसेनासे होते आणि पत्रा आतून सडत राहतो. शिवाय थर्माकोल पेट घेतो आणि उंदरांना त्यात घर करायला आवडते. पत्र्याला घट्ट चिकटणारा, फवारून बसवायचा पॉलियुरेथेन फोम हा तांत्रिकदृष्ट्या चांगला उपाय आहे, पण तो आमच्या खर्चात बसत नव्हता.

शेवटी कंटेनरच्या वर स्वतंत्र खांबांवर पत्र्याचे शेड उभारायचे ठरले. लोखंडी पाइपचे खांब जमिनीत काँक्रीटमध्ये रोवले, कंटेनरच्या छताला एकही भोक पाडले नाही आणि दोन छतांमध्ये फूटभर अंतर ठेवले, ज्यातून वारा आरपार जातो. आता रात्री आकाशाकडे उष्णता टाकून गार पडतो तो वरचा पत्रा. कंटेनरचे छत त्याच्या आड राहते आणि हवेच्या तापमानाच्या जवळपास टिकते. दिवसा ऊनही वरच्याच पत्र्यावर पडते. शेड सर्व बाजूंनी दोन फूट पुढे काढल्यामुळे भिंतींच्या वरच्या भागालाही आडोसा मिळाला. वादळी वाऱ्यात शेड उचलले जाऊ नये म्हणून खांबांना तिरके टेकू दिले आहेत. पुढच्या मे महिन्यासाठीही हेच शेड उपयोगी पडणार असल्याने सभासदांनी या खर्चाला हरकत घेतली नाही.

हवेसाठी कंटेनरला कारखान्यातूनच वरच्या कडेला छोटी झरोकेवजा छिद्रे दिलेली असतात, परंतु ती आतील-बाहेरील दाब सारखा राखण्यापुरतीच असतात, आणि आमच्या एका कंटेनरमध्ये तर आधीच्या रंगाने ती बुजलेली होती. ती मोकळी केली. शिवाय एका लांब भिंतीत खाली आणि समोरच्या भिंतीत वर अशा झडपांच्या जाळ्या बसवल्या. कंटेनरच्या भिंतीही भार पेलतात, म्हणून जाळ्या कोपऱ्याच्या खांबांपासून दूर ठेवल्या, भोकांभोवती लोखंडी चौकट वेल्डिंग केली आणि आतून बारीक तारेची जाळी लावली.

झडपा कधी उघडाव्या हा खरा कौशल्याचा भाग आहे. बाहेरील हवेचा दवबिंदू आतील हवेच्या दवबिंदूपेक्षा कमी असेल तेव्हाच हवा आत घ्यावी, हे जहाजावरील माल सांभाळणाऱ्यांचे तत्त्व आम्ही स्वीकारले. खानदेशातील कोरड्या, निरभ्र दिवसांत ही अट बहुधा पूर्ण होते, त्यामुळे ऊन चढल्यापासून झडपा उघड्या राहतात. धुक्याची सकाळ, शेजारच्या शेतात भरलेले पाणी आणि थंडीच्या लाटेनंतर अचानक येणारे ढगाळ अवकाळी वातावरण हे तीन प्रसंग मात्र जपण्याचे आहेत. अशा वेळी आतला माल थंड असतो आणि बाहेरून येणारी दमट हवा थेट पोत्यांवरच ओल धरते. दोन्ही कंटेनरमध्ये छताजवळ एक आणि तळाशी एक असे तापमान व आर्द्रता दाखवणारे साधे डिजिटल मापक टांगले आहेत, आणि किल्ली ज्याच्याकडे असेल त्याने आकडे पाहूनच झडपेला हात लावावा असे ठरले आहे.

माल भरताना दादर ज्वारी, हरभरा आणि भुईमूग यांचा ओलावा आम्ही मापकावर तपासला. बियाणे प्रमाणीकरणात ज्वारीसाठी १२ टक्के, तर हरभरा आणि भुईमुगाच्या शेंगांसाठी ९ टक्के ही ओलाव्याची कमाल मर्यादा आहे आणि आम्ही तीच प्रमाण मानली. एका सभासदाच्या शेंगा मर्यादेपेक्षा ओल्या निघाल्या, तेव्हा त्या परत उन्हात टाकायला लावल्या. त्यांना ते रुचले नाही, पण ओल्या शेंगांमध्ये वाढणाऱ्या बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते आणि एका पोत्याची ओल सगळ्या थप्पीला लागते, त्यामुळे येथे भीड ठेवून चालले नसते. पोती थेट जमिनीवर न ठेवता लाकडी पॅलेटवर रचली, भिंतीपासून वीतभर आणि छतापासून दीड-दोन फूट अंतर सोडले. पॅलेटचे आणखी एक कारण आहे. जहाजावरच्या कंटेनरच्या लाकडी जमिनीला कीड लागू नये म्हणून बहुधा कीटकनाशक द्रव्याची प्रक्रिया केलेली असते आणि तिची नोंद दारावरील धातूच्या पाटीवर असते. खाण्याचे धान्य त्या जमिनीला लागू नये. थप्पीवर प्लास्टिकचा कागद गुंडाळला नाही, कारण त्याखाली धान्याचीच वाफ कोंडते; त्याऐवजी वर कोरड्या गोणपाटाचा थर पसरला.

खतांची व्यवस्था वेगळी केली. ३० अंशांच्या तापमानाला कॅल्शियम नायट्रेट हवेत सुमारे ४७ टक्के आर्द्रता असतानाच पाणी ओढू लागते आणि युरिया सुमारे ७२ टक्क्यांपुढे. म्हणून कॅल्शियम नायट्रेटच्या पिशव्या सीलबंद असल्याखेरीज आत घेतल्या नाहीत आणि फुटलेली पिशवी झाकणाच्या पिंपात रिकामी केली. खते व बियाणे एका कंटेनरमध्ये ठेवलेली नाहीत. डिझेल, पेट्रोल आणि चार्ज होत असलेल्या बॅटऱ्या यांना दोन्ही कंटेनरमध्ये मज्जाव आहे. ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आणि फिल्टर यांतील पाणी पूर्ण निथळून, उन्हात वाळवून मगच ती आत नेली, कारण अशा वेटोळ्यात राहिलेले पाणी हाही आतल्या ओलाव्याचा एक साठाच असतो.

कॅल्शियम क्लोराइडच्या ओलावा शोषणाऱ्या पिशव्या बियाण्यांच्या कंटेनरमध्ये टांगल्या आहेत. ते आपल्या वजनाहून अधिक पाणी धरू शकते, पण त्यातून जमणारे खारे पाणी लोखंडाला फार वेगाने गंजवते, म्हणून पिशव्यांखाली प्लास्टिकची भांडी ठेवली आहेत आणि ती वेळच्या वेळी ओतावी लागतात. माल ओला असेल तर या पिशव्यांचा फारसा उपयोग होत नाही.

डिसेंबरच्या थंडीत पहाटे दार उघडून छतावरून हात फिरवला तेव्हा शेडखालच्या कंटेनरचा पत्रा कोरडा होता आणि पोत्यांवरचे गोणपाटही कोरडे होते. खतांच्या कंटेनरवर या वर्षी शेड होऊ शकले नाही. त्याच्या दाराकडील बाजूला, जेथे आकाश सर्वात मोकळे आहे, तेथे पन्हळींना बारीक दव आढळले, म्हणून त्या भागातील पिशव्या मागे सरकवून तेथे फावडी, पाइप आणि रिकामी पिंपे ठेवली आहेत. त्यावरील शेडसाठी खांबांचे खड्डे हरभऱ्याची काढणी झाल्यावर, जमीन पुरती आकसण्याच्या आत घ्यायचे ठरले आहे.